भिंतीच्या पायाशी चार बोटं

'स्वीट होम थ्रीडी'मध्ये काढलेल्या भिंतीवर दोनदा क्लिक केलं की एक चौकट उघडते. इमॅन्युएल प्युबारे या फ्रेंच प्रोग्रामरचं हे सॉफ्टवेअर कुणालाही मोफत मिळतं. मी त्यात आजीचं घर उभं करत होते. मातीचं होतं ते, आता जागेवर नाही. त्या दिवसांत ही चौकट इतक्यांदा वाचली, की ती मला एखाद्या नेमक्या लिहिलेल्या उताऱ्यासारखी आवडू लागली.

ती आधी भिंतीची सुरुवात आणि शेवट विचारते. भिंतीला सुरुवात असते हे मला तोवर सुचलंच नव्हतं. पण सुरुवात आणि शेवट आला की दिशा आली, आणि दिशा आली की डावी-उजवी बाजू आली. म्हणून खाली दोन रकाने आहेत, एक डाव्या बाजूचा, एक उजव्या बाजूचा. दोन्हींचा रंग वेगळा, पोत वेगळा, भिंतीच्या पायाची पट्टी म्हणजे स्कर्टिंगही वेगळं. खोली घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने काढत गेलात तर आतली बाजू नेहमी उजवी. मी माजघराच्या तीन भिंती तशा काढल्या आणि चौथी घाईत उलट ओढली. मग चारही निवडून उजव्या बाजूला स्कर्टिंग दिलं, तर तिघींचं आत बसलं आणि चौथीचं बाहेर परसात. त्यावरचा उपायही किती साधा! मेन्यूतून भिंतीची दिशा उलटवायची आणि स्कर्टिंग योग्य बाजूला पुन्हा द्यायचं. भिंत तसूभर हलत नाही, फक्त तिची डावी-उजवी बाजू बदलते. या चौकटीतली मला सर्वांत आवडणारी जागा म्हणजे हे दोन रकाने. एकच भिंत माजघराला वेगळी असते आणि परसाला वेगळी, हे घरात राहणाऱ्याला ठाऊक असतं. नकाशातल्या एका रेषेला मात्र ते माहीत नसतं. इथे ते मुद्दाम शिकवलेलं आहे.

स्कर्टिंगची चौकट आणखी लहान. दाखवायचं की नाही, रंग किंवा पोत भिंतीचाच की निराळा, उंची किती, जाडी किती, एवढंच. दार बसवलं की पट्टी तिथे आपोआप तुटते. फरशी पुसताना ओला फडका भिंतीला लागू नये, कोपऱ्यात केर अडकू नये, यासाठी ही पट्टी. आजी जमीन सारवताना शेणाचा हात भिंतीवर चार बोटं चढवायची. भिंतीचा चुना आणि जमिनीचं सारवण यांच्यामध्ये ती हिरवट काळी किनार असे, आणि तिच्यामुळे खोली पूर्ण वाटायची. मी उंची आठ सेंटिमीटर लिहिली आणि जाडीपाशी अडले. हाताने फिरवलेल्या सारवणाला कसली जाडी? अखेर अर्धा सेंटिमीटर दिला. पडद्यावर भिंतीच्या पायाशी बारीकशी सावली पडली, आणि इतका वेळ अधांतरी वाटणारी ती भिंत जमिनीला टेकली.

या पट्टीला फ्रेंचमध्ये 'प्लँत' म्हणतात. आपल्या बांधकामावर जोत्याला प्लिंथ म्हणतात, तोच हा शब्द. मुळात ग्रीक, अर्थ वीट. एका भाषेत तो भिंतीच्या पायाशी बसला आणि दुसऱ्या वाटेने घराखाली गेला. मला तर तो दोन्हीकडे हवा होता.

कारण जोत्याशिवाय आजीचं घर जमेना. या सॉफ्टवेअरमध्ये भिंतीला उंची आहे, पण जमिनीपासून किती वर उभं राहायचं ते ती स्वतः ठरवत नाही. ते तिची पातळी ठरवते. नवी भिंत 250 सेंटिमीटर उंच, वरच्या मजल्याची जमीन 12 सेंटिमीटर जाड, म्हणून नवा मजला 262 वर येतो. हिशेब सरळ आहे, पण तो मजल्यांच्या घराचा. आमच्याकडे मजला नव्हता, पायऱ्या होत्या. पडवीतून माजघरात चढायचं, माजघरातून स्वयंपाकघरात उतरायचं. मग प्रत्येक खोलीला स्वतंत्र पातळी दिली आणि तिचा आकडा बदलला. हीच युक्ती छताखालच्या पट्टीलाही चालते. 240 वर एक पातळी घ्यायची आणि तिच्यावर दहा सेंटिमीटरची, किंचित जाड भिंत काढायची. आम्हाला तशी पट्टी नव्हती. वर खांडं होती आणि धूर होता.

पाख्याची भिंत निमुळती. तिच्यासाठी सुरुवातीची उंची आणि शेवटची उंची वेगळी देता येते. आढ्यापाशी मात्र दोन भिंती जोडाव्या लागतात, एक चढणारी, एक उतरणारी. जाडीच्या रकान्यात आयते साडेसात सेंटिमीटर असतात. तिथे मी पंचेचाळीस लिहिले आणि कोनाडे कोरायला जागा झाली.

शेवटी पडद्यावरच्या घरात हिंडणाऱ्या आभासी पाहुण्याचीही एक चौकट आहे, आणि तिच्यात त्याच्या डोळ्यांची जमिनीपासूनची उंची लिहिता येते. मी नव्वद सेंटिमीटर लिहिली. माजघराच्या दारातून स्वयंपाकघर खाली खोल दिसलं, कोनाडा हात पुरणार नाही इतका वर गेला, आणि भिंतीलगतची ती काळी किनार ठळक दिसू लागली, चुलीपर्यंत गेलेली.