‘आढळले नाही’ म्हणजे नेमके काय?

तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या माणसानं झाडापाखरांच्या नोंदींवर कशाला बोलावं, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल तर तो रास्त आहे. वनस्पतिशास्त्र हा आमचा प्रांत नाही. पण कोणतीही नोंद म्हणजे ज्ञानाचा दावा असतो, आणि तो खरा कशावरून हे विचारणं हे तर आमच्या विषयाचं कामच. तेव्हा आज आपण एका दस्तऐवजाचं परीक्षण करू. एखाद्या पुस्तकाचं करतो तसंच, गुणदोष दोन्ही पाहून. तो दस्तऐवज म्हणजे लोकजैवविविधता नोंदवही.

आधी ही वही आली कुठून ते पाहू. आपल्या परिसरात काय उगवतं, काय चरतं, कोण कशाचा कसा उपयोग करतो, हे त्या परिसरातल्या माणसांनीच लिहून ठेवावं, ही कल्पना माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात मांडली. पुढे २००२ चा जैवविविधता कायदा आला. त्याच्या कलम ४१ प्रमाणे ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेनं जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची. २००४ च्या नियमांनी सांगितलं की या समितीचं मुख्य काम म्हणजे स्थानिक लोकांशी बोलून नोंदवही तयार करणं. कल्पना फार मोलाची. ज्याला आपण अडाणी म्हणतो त्या गुराख्याला इथं साक्षीदाराचा मान मिळाला.

पण पुष्कळ वर्षं काम रेंगाळलं. मग प्रकरण हरित लवादापुढे गेलं. ३१ जानेवारी २०२० पर्यंत काम पुरं करा, नाहीतर १ फेब्रुवारीपासून राज्यानं दरमहा १० लाख रुपये भरावेत, असा २०१९ मध्ये आदेश झाला. त्यानंतर देशभर वह्या भराभर तयार झाल्या. आज त्यांची संख्या अडीच लाखांच्या वर आहे. लवादाचा हेतू चांगलाच होता, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण दंडाच्या धाकानं वही भरता येते, निरीक्षण करता येत नाही. निरीक्षणाला ऋतू लागतात. वर्षाला सहा ऋतू असतात, आणि लवादाच्या तारखेमुळं त्यात सातवा काही वाढत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. ही वही काय सांगते? ‘अमुक आढळले.’ आणि जे वहीत नाही ते? ते आपोआप ‘नाही’ ठरतं. आमचा आक्षेप या ‘आपोआप’वर आहे.

आपल्या परंपरेत अभावाचा विचार फार बारकाईनं झाला आहे. ‘जमिनीवर घडा नाही’ हे आपल्याला कळतं ते कसं? कुमारिल भट्टांची मीमांसा आणि अद्वैत वेदान्त म्हणतात, त्यासाठी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानलं पाहिजे. नैयायिक ते स्वतंत्र मानत नाहीत. वाद मोठा आहे, त्यात आज शिरायचं नाही. पण एका अटीवर दोघांचंही एकमत आहे. घडा असता तर तो दिसला असता, अशी परिस्थिती हवी. खोलीत मिट्ट काळोख असेल तर ‘मला घडा दिसला नाही’ हे वाक्य खरं. पण ‘घडा नाही’ हे वाक्य त्यातून निघत नाही. याला म्हणतात योग्यानुपलब्धी. नुसतं न दिसणं पुरेसं नाही. दिसण्याजोगं असूनही न दिसणं हवं.

ही अट आपल्या माळावर लावून बघा. मराठवाड्याच्या माळावरची बहुतेक गवतं आणि छोट्या वनस्पती जून ते ऑक्टोबर एवढ्यातच उगवतात, फुलतात, बी टाकतात आणि वाळून जातात. खरचुडीसारखी कंद असलेली वेल पावसाळा सरला की जमिनीखाली जाते. एप्रिलमध्ये तिथं उभ्या राहिलेल्या तज्ज्ञाला काय दिसणार? ढेकळं आणि कुसळं! उलट हिवाळी पाहुणा असलेला भोवत्या पक्षी ऑगस्टमध्ये शोधून सापडणार नाही. रातवा दिवसा उजेडी पाचोळ्यात असा बसतो की पायाखाली येईपर्यंत कळत नाही. म्हणजे प्रत्येक जिवासाठी ‘दिसण्याजोगी’ वेळ वेगळी. ती वेळ साधली होती की नाही, हे वहीत लिहिलेलं नसेल तर तिच्या मौनाला काडीचा अर्थ नाही.

हे शब्दांचे खेळ वाटतील, पण यावर जमिनी जातात. प्रकल्पांचे पर्यावरण आघात अहवाल पाहा. पायाभूत माहिती म्हणून एकाच हंगामाची, आणि तीही पावसाळा वगळून, निरीक्षणं चालवून घेण्याची पद्धत आपल्याकडे रुळली आहे. हवेतली धूळ मोजायला पावसाळा वगळणं समजू शकतं. पण तोच नियम गवताला लावला तर? काळोखात घडा शोधायचा आणि सकाळी दाखला द्यायचा, की घडा नव्हता. त्या दाखल्यावर माळ ‘पडीक’ ठरतो. मुळात महसुली भाषेतला ‘पडीक’ हा शब्दच आधी निकाल देतो आणि साक्ष मागाहून घेतो.

आता अभावाचा दुसरा पैलू. आपले जुने लोक अभावाचे चार प्रकार सांगतात. त्यातले दोन आपल्या कामाचे आहेत. एक अत्यंताभाव, म्हणजे जे इथं कधीच नव्हतं. दुसरा प्रध्वंसाभाव, म्हणजे जे होतं आणि नष्ट झालं. नुकसान झालं असं म्हणायचं तर दुसरा सिद्ध करावा लागतो, आणि त्यासाठी ‘होतं’ याचा पुरावा हवा. मराठवाड्याचं खरं दुखणं इथं आहे.

थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. पुणे, नाशिक, सातारा या भागांचा अभ्यासक आजही त्याच्याशी ताळा करून पाहतो. गॅम्बल यांनी १९१५ मध्ये सुरू केलेला मद्रास इलाख्याचा ग्रंथ १९३६ मध्ये पुरा झाला. आपण मात्र निजामाच्या राज्यात. एक इलाखा पश्चिमेला संपला, दुसरा पलीकडे सुरू झाला, आणि मधला मुलूख दोन्हींच्या बाहेर राहिला. पार्ट्रिज यांचं निजामी मुलखाच्या वनवनस्पतींवरचं पुस्तक १९११ चं आहे, पण नावाप्रमाणे त्याची नजर जंगलावर. पक्ष्यांचं नशीब जरा बरं. सलीम अलींनी १९३१-३२ मध्ये हैदराबाद संस्थानाचं पक्षी-सर्वेक्षण केलं आणि ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. त्यांच्या नावाचं सरोवर आपल्या शहरात आहे. त्यावरून रोज जाणाऱ्या किती जणांना या सर्वेक्षणाची माहिती आहे?

मराठवाड्याच्या वनस्पतींचा समग्र ग्रंथ यायला १९९८ उजाडलं. प्रा. वि. ना. नाईक यांचे दोन खंड, आणि तेही आपल्याच शहरातून प्रसिद्ध झालेले. कुक यांचा शेवटचा भाग आणि नाईकांचे खंड यांच्यात ९० वर्षांचं अंतर आहे. या ९० वर्षांत धरणं झाली, कालवे झाले, माळ नांगरले गेले, औद्योगिक वसाहती झाल्या. त्यात काय गेलं? पश्चिम महाराष्ट्राला निदान विचारता येतं. आपल्याला बऱ्याच बाबतीत विचारताही येत नाही, कारण ‘होतं’ची नोंदच नाही. अनुशेष आपण सिंचनाचा मोजला, रस्त्यांचा मोजला. हा नोंदींचा अनुशेष कुणी मोजला नाही.

नाईकांच्या ग्रंथाबद्दल आम्हांला आदर आहे. पण तो इंग्रजीत आहे आणि वनस्पतिशास्त्र शिकलेल्यांसाठी आहे. नोंदवही त्याच्या नेमकी उलट असायला हवी होती: मराठीत आणि सर्वांसाठी. दोन्ही एकमेकांना जोडल्या तर काम होईल. पाथरी, चिवळ, कुर्डू, तांदुळजा या रानभाज्या ओळखणारी म्हातारी आणि शास्त्रीय नाव सांगणारा पदवीधर, दोघांची सही एका पानावर हवी. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावानं अभ्यासगट काढून, पोळं न नासवता मध कसा काढावा, याचा विचार केला. तिथं आधी प्रश्न होता, मग नोंद झाली. आपल्याकडे आधी तक्ता आला आणि प्रश्न आलाच नाही.

‘देशी’ या शब्दावरही थोडं थांबू. गाजरगवत परकं, हे पटकन पटतं. गुलमोहर मादागास्करचा, सुबाभूळ मेक्सिकोकडची, हेही ठीक. पण सीताफळ अमेरिकेतून आलं आणि ज्वारी आफ्रिकेतून, हे सांगितलं की लोक दुखावतात. भाकरीला परकी कसं म्हणायचं? आमचं म्हणणं असं, की देशीपण हा जन्मदाखल्याचा प्रश्न नाही, नात्यांचा आहे. त्या झाडावर कोणती अळी जगते, कोणतं पाखरू फळ खातं, माणूस त्याला काय म्हणतो, हे विचारा. नुसता आकडा मोजाल तर फसाल. एका वसाहतीत शोभेची चाळीस परदेशी झाडं लावली आणि शेजारचा माळ फरशीखाली गेला, तर यादी वाढते आणि परिसर गरीब होतो.

शेवटी मुकुंदवाडीकडे येतो. नावातली ‘वाडी’ सांगते की हे मुळात गाव. आज ते शहरात आहे, म्हणजे कायद्याप्रमाणे त्याची नोंद महापालिकेच्या एका मोठ्या वहीत. ग्रामपंचायत असलेल्या चारशे उंबऱ्यांच्या गावाला स्वतःची वही, आणि शहरात विरघळलेल्या गावाला नाही. जिथं बदल सर्वांत वेगानं होतो तिथंच नोंद सर्वांत विरळ, असा हा उलटा हिशेब आहे.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. मुकुंदवाडी स्टेशनच्या आसपासची गवताची कडा, चिकलठाण्याकडचा सुखना नदीचा काठ, एखादं रिकामं मैदान, अशा तीन जागा ठरवा. रुळांपासून लांब राहा, एवढं पथ्य पाळा. वर्षभर, महिन्यातून एकदा, तीच माणसं जाऊ द्या. वहीत एक रकाना वाढवा: ‘काय शोधलं, केव्हा, किती वेळ, आणि तरीही दिसलं नाही.’ हा रकाना भरला की वहीच्या मौनाला अर्थ येईल. वीस वर्षांनी कुणी म्हणेल, इथं अमुक गवत होतं आणि आता नाही, तेव्हा त्याच्या हातात पुरावा असेल. आपल्या हातात तो नाही. पुढच्यांना तरी मिळावा.