गुणांवाचूनचे वाचन

निजामी अमलात, म्हणजे १९४८ पर्यंत, परभणीकडील माध्यमिक शिक्षण मुख्यतः उर्दूतून चाले. सरकारी नोकरीची वाटही तिकडूनच जाई. मराठी वाचून पदरी काही पडत नसे. तरी त्याच काळात, सातोना येथे १९१३ साली जन्मलेले बी. रघुनाथ बांधकाम खात्यात कारकुनी करीत मराठीत कविता, कथा, कादंबऱ्या लिहीत होते, आणि त्यांस वाचकही लाभले. ते वाचन कोणी नेमून दिलेले नव्हते.

आज मराठी शाळेची भाषा आहे, आणि मुले वाचीत नाहीत अशी तक्रार घरोघर ऐकू येते. आम्ही मुलांस दोष देत नाही. कविता हाती पडताच तिचा आशय पाच ओळींत लिहावयाचा, कथा संपताच तात्पर्य सांगावयाचे. जेवणाऱ्याकडून घासाघासाचा हिशेब मागावा तसेच हे! हायस्कुलातील मुलास ‘आडगावचे चौधरी’ ही कादंबरी द्यावी, आणि तिजविषयी एकही प्रश्न विचारू नये. ती अर्धी टाकून त्याने रहस्यकथा उचलली, तरी आम्हांस खेद नाही. आमचेही वाचन तेथूनच सुरू झाले. मात्र शाळेतील पुस्तकांच्या कपाटाचे कुलूप आधी निघाले पाहिजे.