आकडा बरोबर, पण कोणत्या नियमाने?

माणूस आणि चिंपांझी यांचे डीएनए जवळजवळ ९९ टक्के सारखे आहेत. सूर्याच्या गाभ्याचे तापमान सुमारे दीड कोटी केल्विन आहे. ही दोन विधाने विज्ञानविषयक पुस्तकांत, भित्तिपत्रकांवर आणि वर्गातल्या फळ्यावर हमखास आढळतात. ती चुकीची आहेत असे आम्हाला म्हणायचे नाही. आमचा आक्षेप आहे तो ती सांगण्याच्या पद्धतीला. टेबलाची लांबी मोजपट्टीने मोजावी तसे हे आकडे कोणी मोजलेले नाहीत. ते गणिती प्रतिमानातून, म्हणजे आपण ज्याला सर्रास मॉडेल म्हणतो त्यातून आले आहेत. प्रतिमानात काही गोष्टी गृहीत धराव्याच लागतात. ही गृहीतके गाळून नुसता आकडा सांगितला, तर विद्यार्थ्याच्या हाती माहिती पडते, विज्ञान नाही.

एक उदाहरण फळ्यावरच करून पाहू. डीएनएची अक्षरे चार : ए, टी, जी आणि सी. पुढील दोन क्रम एकाखाली एक लिहावेत.

पहिला : ए सी जी टी ए सी
दुसरा : सी जी टी ए सी जी

सरळ तुलना केली तर सहापैकी एकही अक्षर जुळत नाही. सारखेपणा शून्य टक्के. आता दुसरा क्रम एक घर उजवीकडे सरकवा. लगेच पाच अक्षरे जुळतात आणि दोन्ही टोकांना एकेक रिकामी जागा उरते. रिकाम्या जागा हिशेबात धरल्या तर सातपैकी पाच, म्हणजे ७१ टक्के. न धरल्या तर पाचपैकी पाच, म्हणजे १०० टक्के! क्रम तेच, अंकगणितही बरोबर, तरी उत्तरे तीन.

यांतून निवड करण्यासाठी गुण द्यावे लागतात. समजा, अक्षर जुळले तर १ गुण, न जुळले तर उणे १ आणि रिकाम्या जागेलाही उणे १. मग सरळ मांडणीला उणे ६ आणि सरकवलेल्या मांडणीला ३ गुण मिळतात. पण रिकाम्या जागेला उणे ६ ठरवले, तर सरकवलेली मांडणी उणे ७ वर जाते आणि सरळ मांडणी जिंकते. रिकामी जागा म्हणजे उत्क्रांतीच्या ओघात गळलेले किंवा नव्याने घुसलेले अक्षर. असे किती वेळा घडते याचे उत्तर जीवशास्त्राने द्यायचे असते; बेरीज-वजाबाकी ते देऊ शकत नाही.

संगणकाचे काम यानंतर सुरू होते. नीडलमन आणि वुन्श यांनी १९७० साली दिलेल्या रीतीने शंभर अक्षरांचे दोन क्रम जुळवायचे तर सुमारे दहा हजार घरांचा तक्ता भरावा लागतो. प्रत्येक घरातला आकडा शेजारच्या तीन घरांवरून ठरतो आणि शेवटी सर्वोत्तम जुळवणी हमखास मिळते. मात्र ‘सर्वोत्तम’ म्हणजे आपण ठरवलेल्या नियमांनुसार सर्वोत्तम. शिवाय एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेले दोन क्रम दिले, तरी ही रीत त्यांचीही सर्वोत्तम जुळवणी काढून देते. ती ‘नाही’ म्हणत नाही. म्हणून संशोधक एका क्रमातली अक्षरे पत्ते पिसावेत तशी पिसून पुन्हा पुन्हा गुण काढतात. मूळ गुण या पिसलेल्या क्रमांच्या गुणांहून बरेच जास्त असतील, तरच नात्याचा विचार करतात.

आता चिंपांझीकडे वळू. त्याच्या जनुकसंचाचा पहिला आराखडा २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात आणि माणसात, जुळवता आलेल्या भागात, एकेका अक्षराचे सुमारे साडेतीन कोटी फरक आढळले. म्हणजे साधारण १.२ टक्के. पण घुसलेले आणि गळलेले तुकडे मोजले, तर आणखी सुमारे ३ टक्के फरक पडतो. पुढे २०२५ साली वानरांचे जनुकसंच टोकापासून टोकापर्यंत वाचून प्रसिद्ध झाले, तेव्हा सरळ जुळणीत न बसणारा भाग पूर्वीच्या अंदाजाहून बराच मोठा निघाला. माणूस आणि चिंपांझी यांच्या जवळच्या नात्याला यामुळे बाध येत नाही. ‘९९ टक्के’ हा आकडा कशाचा, एवढेच यातून स्पष्ट होते.

सूर्याचे प्रतिमान वेगळ्या घडणीचे आहे. गुरुत्वाकर्षण आणि दाब यांचा तोल, ऊर्जेची निर्मिती, तिचे बाहेर वहन अशी समीकरणे केंद्रापासून पृष्ठभागापर्यंत सोडवली जातात. मात्र यातही मिळवून घेतलेले आकडे असतात. वायूच्या उसळीने उष्णता किती वाहते, हे दर्शवणारी एक राशी अशी निवडतात, की सुमारे ४६० कोटी वर्षांच्या सूर्याची त्रिज्या आज दिसते तेवढी यावी. तेव्हा ‘प्रतिमानाने सूर्याची त्रिज्या अचूक सांगितली’ असे कोणी लिहिले, तर त्यात नवल कसले? ती आधीच बसवून घेतलेली असते.

खरी कसोटी लागली ती न बसवलेल्या राशीवर. गाभ्यातील अणुप्रक्रियांतून किती न्यूट्रिनो यावेत, याचे भाकीत या प्रतिमानाने केले. अमेरिकेतील होमस्टेक खाणीत सुमारे दीड हजार मीटर खोलवर, ड्रायक्लीनिंगसाठी वापरल्या जाणाऱ्या द्रवाची प्रचंड टाकी ठेवून रेमंड डेव्हिस यांनी ते मोजायला घेतले. हाती आले भाकिताच्या जेमतेम एक तृतीयांश. १९६८ पासून सुमारे तीन दशके हा वाद चालला. गाभ्याचे तापमानच चुकले असावे, असे अनेकांना वाटले. अखेर २००१-०२ मध्ये कॅनडातील सडबरी वेधशाळेने सर्व प्रकारचे न्यूट्रिनो मोजले आणि बेरीज भाकिताशी जुळली. न्यूट्रिनो वाटेत आपला प्रकार बदलत होते. डेव्हिस यांच्या टाकीला त्यांतला एकच प्रकार दिसत होता. म्हणजे दीड कोटी केल्विन या आकड्याला वजन आले ते संगणकामुळे नव्हे. खोटे ठरण्याचा धोका पत्करून ते प्रतिमान टिकले, म्हणून.

‘संगणकाने सिद्ध केले’ हे वाक्य म्हणूनच वर्गातून हद्दपार व्हावे, असे आम्हाला वाटते. त्याऐवजी कोणत्याही आकड्याला विद्यार्थ्यांनी तीन प्रश्न विचारावेत. यात काय गृहीत धरले आहे? कोणती गोष्ट आधीच बसवून घेतली आहे? आणि काय आढळले असते, तर हे प्रतिमान खोटे ठरले असते? त्यासाठी संगणकाची गरज नाही. सहा अक्षरांचे दोन क्रम आणि खडू पुरेसा आहे. अर्थात अभ्यासक्रम पुरा करण्याच्या घाईत यासाठी एक तास काढणे सोपे नाही, हे आम्ही जाणतो. पण पाठ केलेला टक्का नव्या संशोधनाने बदलू शकतो. प्रश्न विचारण्याची सवय मात्र तेव्हाही कामी येते.