कोठे उभे राहून पाहावे?

मुलांना चित्रपट दाखवण्यापूर्वी पालक आम्हाला हमखास विचारतात, "फादर, त्यात काही वावगे नाही ना?" प्रश्न रास्त आहे, घराची काळजी वाहणाऱ्याने तो विचारलाच पाहिजे. परंतु तेवढ्यावरच थांबलो तर आपण केवळ जकात नाक्यावरचे शिपाई ठरतो. पेटीत आक्षेपार्ह काही आढळले नाही की पेटी पुढे ढकलायची, आत मोलाचे काय होते ते पाहायचेच नाही! चित्रपटाचा विषय कोणता, याहून तो आपल्याला कोठे उभे करून माणसाचे दुःख दाखवतो, हा प्रश्न आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो.

व्हित्तोरिओ दे सिका यांचा 'बायसिकल थीव्ह्ज' (१९४८) हा इटालियन चित्रपट या दृष्टीने पुन्हा पाहण्याजोगा आहे. युद्धोत्तर रोममधील बेकारीचे ते दिवस. अंतोनिओ रिचीला भिंतींवर जाहिराती चिकटवण्याचे काम मिळते, पण त्यासाठी सायकल हवी आणि ती तर गहाण पडलेली. पत्नी मारिया अंथरुणावरच्या चादरी गहाण ठेवून ती सोडवून आणते. कामाच्या पहिल्याच दिवशी सायकल चोरीला जाते. मग लहानग्या ब्रुनोचा हात धरून बाप शहरभर तिचा शोध घेत फिरतो. कथानक एवढेच!

या शोधात चोराचा माग काढीत अंतोनिओ एका चर्चमध्ये शिरतो. तेथे सुखवस्तू मंडळी गोरगरिबांची दाढी करून देत आहेत, मिस्सेनंतर त्यांना सूप मिळणार आहे. अंतोनिओ एका म्हाताऱ्याला चोराचा पत्ता विचारू लागतो, तेव्हा प्रार्थनेत व्यत्यय नको म्हणून त्याला गप्प बसवण्याची धडपड सुरू होते. ही माणसे दुष्ट नाहीत. सूप गरम आहे, हेतूही शुद्ध आहे. मात्र समोरच्या माणसाचे काय हरवले आहे, हे विचारायला तेथे कोणालाच सवड नाही. धर्मगुरू म्हणून हा प्रसंग पाहताना आम्ही अस्वस्थ झालो. सणासुदीला आपणही धान्य वाटतो, वहीत नावे लिहून घेतो. पण रांगेतल्या माणसाची सायकल हरवली आहे का, हे आपण कधी विचारतो?

अखेर हताश झालेला अंतोनिओ स्वतःच एक सायकल पळवतो आणि पकडला जातो. जमाव त्याला मारहाण करतो, आणि ब्रुनो हे सारे पाहतो. खाली पडलेली बापाची टोपी तो उचलतो, झटकतो. त्या रडवेल्या पोराकडे पाहून सायकलीचा मालक तक्रार न करताच अंतोनिओला सोडून देतो. गर्दीतून चालताना ब्रुनो बापाचा हात धरतो. दे सिका येथे उपदेशाचा एक शब्दही उच्चारीत नाहीत. ते आपल्याला ब्रुनोशेजारी उभे करतात, आणि तेथून पाहिल्यावर त्या माणसाला नुसते 'चोर' म्हणणे अशक्य होते. चित्रपटकलेच्या शताब्दीनिमित्त १९९५ साली व्हॅटिकनने ४५ चित्रपटांची यादी प्रसिद्ध केली. तिच्यात 'मूल्ये' या विभागात या चित्रपटाचा समावेश आहे. चर्चमधील तो बोचरा प्रसंग असूनही तो आहे, हे आम्हाला विशेष वाटते.

बाप, मुलगा आणि चारचौघांतील अपमान हेच सूत्र पासष्ट वर्षांनी मराठीत नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री' (२०१३) या चित्रपटात आले. कैकाडी समाजातला जब्या शाळेत जातो, वर्गातल्या शालूवर त्याचा जीव जडला आहे. जब्याच्या एकतर्फी प्रेमाचे काही प्रसंग लांबले आहेत, असे आमचे मत आहे. परंतु बाप कचरूसह सारे कुटुंब डुकरे पकडायला धावते, तो अखेरचा भाग केवळ अविस्मरणीय. गाव कडेला बसून हसते आहे, फोटो काढते आहे, आणि त्या हसणाऱ्यांत शालूही आहे. शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येताच हे कुटुंब जागच्या जागी स्तब्ध उभे राहते आणि हाती आलेले डुक्कर निसटून जाते. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट पडद्यावर, म्हणजे आपल्याच दिशेने येतो.

दे सिका आपल्याला मुलाशेजारी उभे करतात. मंजुळे मात्र आपण इतका वेळ हसणाऱ्यांच्या ओळीत बसलो होतो, हे अखेरीस दाखवून देतात. वाटा दोन असल्या, तरी दोन्ही आपल्याला नुसते प्रेक्षक राहू देत नाहीत. चांगल्या चित्रपटाची आमची कसोटी हीच.

तेव्हा पालकांनी आपला प्रश्न अवश्य विचारावा. मात्र चित्रपट संपल्यावर मुलांना आणखी एक विचारावा: "बाळांनो, तुम्ही त्या गर्दीत असता, तर कोठे उभे राहिला असता?" आणि मुलांनी तोच प्रश्न उलट आपल्याला विचारला, तर उत्तर टाळू नये.