पाठीवरची सही

'चाहता' या शब्दाविषयी आमच्या मनात पूर्वीपासून थोडी अढी आहे. मराठीत 'रसिक' हा भारदस्त शब्द असताना वर्तमानपत्रांनी 'चाहता' का रूढ केला, हे आम्हांला कधी उमजले नाही. रसिक कलाकृतीपाशी थांबतो, तिचा आस्वाद घेतो आणि तृप्त होऊन घरी जातो. चाहता घरी जात नाही. पुढचा भाग केव्हा, त्यावर चित्रपट केव्हा, आणि तो मूळ पुस्तकाबरहुकूम असेल ना, या प्रश्नांनी तो स्वतः तळमळतो व दुसऱ्यालाही स्वस्थ बसू देत नाही. हे मत बाळगून आम्ही एक जपानी चित्रपट पाहावयास बसलो. ५८ मिनिटांनी ते पूर्वीसारखे राहिले नव्हते, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या धर्मग्रामातील एक तरुण अॅनिमेचा, म्हणजे जपानी चलच्चित्रपटांचा, निस्सीम चाहता आहे. अभियांत्रिकीच्या अभ्यासातून वेळ काढून तो मालिका पाहतो आणि पाहून झालेली प्रत्येक गोष्ट आम्हांला ऐकवतो. सप्टेंबर २०२५ मध्ये 'डीमन स्लेयर' या चित्रमालिकेचा 'इन्फिनिटी कॅसल' हा चित्रपट आपल्याकडील चित्रपटगृहांत आला. हिंदी, तमिळ, तेलुगू बोलणारा हा चित्रपट मराठी मात्र बोलत नव्हता. १५५ मिनिटांचा तो खेळ पाहून हा तरुण थेट आमच्याकडे आला आणि म्हणाला, "फादर, पुस्तकातली एक चौकटसुद्धा सोडलेली नाही!" त्याच्या लेखी याहून मोठी स्तुती नव्हती. याउलट, तात्सुकी फुजिमोतो यांच्या 'चेनसॉ मॅन' या चित्रकथेवरील २०२२ सालच्या मालिकेचे नाव काढताच त्याचा चेहरा पडतो. दिग्दर्शकाने तिला वास्तववादी चित्रपटाची संथ लय दिली आणि पुस्तकातील दांडगाई हरवली, ही त्याची तक्रार. जपानमधील अनेक वाचकांचीही हीच तक्रार होती.

आम्हांला ही मोजणी प्रथमपासून खटकत असे. गुरुविद्यालयात लॅटिन उताऱ्यांचे मराठी करताना आम्ही शब्दास शब्द ठेवला की आमचे प्राध्यापक वही परत करीत आणि एवढेच म्हणत, "यात चूक एकही नाही, पण हे मराठीही नाही." चौकटीस चौकट ठेवणाऱ्या चित्रपटाबद्दल आमचे असेच मत होते. ते मांडताच त्या तरुणाने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी तो 'लुक बॅक' घेऊन आला. आधी पुस्तक, मग चित्रपट, असा क्रमही त्यानेच घालून दिला.

हे पुस्तकही फुजिमोतो यांचेच. साधारण १४० पानांची ही एकच सलग कथा १९ जुलै २०२१ रोजी शुएइशा या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केली. कियोताका ओशियामा यांनी तिच्यावर केलेला चित्रपट २८ जून २०२४ रोजी जपानमध्ये प्रदर्शित झाला आणि पुढील वर्षी जपान अकादमीचा सर्वोत्कृष्ट अॅनिमेशनपटाचा पुरस्कार त्याला मिळाला. कथानक आम्हांला सांगावेच लागेल. चाहत्यांनी क्षमा करावी.

फुजिनो ही चौथीतील मुलगी शाळेच्या वर्गपत्रात चार चौकटींची विनोदी चित्रे काढते. सारा वर्ग तिचे कौतुक करतो. एके दिवशी शिक्षक तिला अर्धी जागा क्योमोतो नावाच्या मुलीसाठी सोडावयास सांगतात. क्योमोतो शाळेत येत नाही, घराबाहेर पडत नाही. पण तिने काढलेली शाळेची, रस्त्यांची चित्रे छापून येतात आणि शेजारचा मुलगा सहज बोलून जातो की त्यांच्यापुढे फुजिनोचे चित्र अगदीच साधे दिसते. त्या एका वाक्याने फुजिनो पेटते. ऋतू बदलत राहतात, ती पाठमोरी बसून शरीररचनेच्या पुस्तकांवरून रेखाटने गिरवीत राहते, वह्यांचे ढीग वाढतात. सहावीत एकदा पुन्हा दोघींची चित्रे शेजारी छापून येतात. फुजिनो ती पाहते आणि चित्र काढणे सोडून देते.

शाळा संपते त्या दिवशी क्योमोतोचे प्रमाणपत्र तिच्या घरी पोचवण्याचे काम फुजिनोकडे येते. घरात हाकेला ओ मिळत नाही. बंद दाराबाहेरच्या बोळात वह्यांच्या थप्प्या लागलेल्या आहेत, फुजिनोच्या वह्यांहून कितीतरी जास्त. तिथेच एका कागदाच्या पट्टीवर ती घरकोंबड्यांच्या जागतिक स्पर्धेचे एक खवचट चित्र काढते. पहिल्या चौकटीत 'बाहेर येऊ नकोस' असा आरडाओरडा आहे. पट्टी हातातून निसटून दाराखालून आत जाते, आणि क्षणभरात ती कोंडलेली मुलगी अनवाणी धावत बाहेर येते. शब्द फुटत नसताना ती सांगते की तुमची चित्रे मी पहिल्यापासून वाचते, मी तुमची चाहती आहे. सही हवी, पण कागद नाही. अंगातील कापूसभरल्या अंगरख्याची पाठ ती पुढे करते. फुजिनो त्या पाठीवर सही करते.

हा प्रसंग वाचला तेव्हा 'चाहता' या शब्दावरचा आमचा राग निम्मा झाला. रसिक पाठीवर सही मागत नाही. त्याला एवढी लाज सोडता येत नाही, आणि चित्र सोडून दिलेल्या माणसाला पुन्हा चित्राकडे नेण्याचे बळही त्याच्या आस्वादात नसते.

पुस्तकात पुढे पावसाचा प्रसंग आहे. घरी निघालेली फुजिनो काही चौकटी साधी चालते आणि मग दोन पानांवर पसरलेल्या एका चित्रात हातपाय फेकून चिखलातून उधळते. पुस्तक एवढेच दाखवते. त्या चित्रात कोणीही एकदम येऊन पडतो. ओशियामा यांनी मात्र ते एक चित्र पुरेसे मानलेले नाही. त्यांची फुजिनो आधी ताठ मानेने चालते, कोणी पाहत नसतानाही आपण पाहिले जात आहोत अशा रीतीने. मग एक पाऊल अडखळते, एक गुडघा जरा जास्त वर उचलला जातो, हात भलतीकडेच जातो आणि मग शरीर तिचे ऐकेनासे होते. आनंद माणसाला किती बेढब करतो, हे आम्ही अनेक लग्नांत पाहिले आहे. पडद्यावर इतक्या खरेपणाने क्वचितच पाहिले असेल. 'एक चौकटसुद्धा सोडलेली नाही' हे माप इथे उपयोगाचे नाही. चौकटी सोडलेल्या नाहीत हे खरेच. पण चित्रपटाचे मोठेपण त्या चौकटींच्या मधल्या जागेत आहे, जी पुस्तकात कोरी होती.

रेषेबद्दलही एक शब्द लिहिला पाहिजे. अॅनिमेच्या रूढ पद्धतीत मूळ चित्रकाराची खरबरीत रेषा पुढच्या हातांनी पुसून गुळगुळीत केली जाते, कारण शेकडो माणसांची चित्रे एका हातची वाटावी लागतात. ओशियामा यांनी ती रेषा शक्य तेथे तशीच ठेवली, आणि चित्रांचा मोठा वाटा दिग्दर्शक असूनही स्वतः काढला. चित्र काढणाऱ्या मुलींच्या कथेत काढणाऱ्याचा हात दिसत राहतो. मूळ कृतीवरील निष्ठा याहून वेगळी काय असते?

तथापि सर्वच जमले आहे असे नाही. पुस्तकातील बोळ निःशब्द आहे. वाचणारा तेथे आपल्या मनाला मानवेल तितका वेळ उभा राहतो. चित्रपटात तेथे संगीत येते. हारुका नाकामुरा यांचे ते संगीत स्वतंत्रपणे सुंदर आहे, पण जेथे रडणे आपोआप येणार होते तेथे ते आधीच हात धरून रडावयास नेते. आमच्या तरुण मित्राला हे मान्य नाही. त्याने ते संगीत मोबाइलच्या घंटीसाठी लावले आहे.

कथेचा उत्तरार्ध कठीण आहे. दोघी एका टोपणनावाने मिळून चित्रकथा काढतात, बक्षीस मिळवतात. (फुजिनो आणि क्योमोतो ही नावे जोडली की लेखकाचे फुजिमोतो हे आडनाव तयार होते.) पुढे क्योमोतोला कलाविद्यालयात शिकावेसे वाटते, फुजिनो दुखावते, वाटा वेगळ्या होतात. फुजिनो यशस्वी चित्रकथाकार होते. मग एके दिवशी बातमी येते की एका माणसाने कलाविद्यालयात शिरून हत्याराने मुलांवर हल्ला केला, आणि मृतांमध्ये क्योमोतो आहे.

येथे कथा वास्तवाला भिडते. १८ जुलै २०१९ रोजी क्योतो अॅनिमेशन या स्टुडिओत एका माणसाने पेट्रोल ओतून आग लावली. ३६ जण मृत्युमुखी पडले. हल्लेखोराने त्या संस्थेच्या स्पर्धेसाठी कादंबरी पाठवली होती, ती नाकारली गेली होती, आणि आपली कल्पना चोरली गेली अशी त्याची समजूत होती. क्योतोच्या न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये त्याला मृत्युदंड सुनावला. वर्षभराने त्याने स्वतःच अपील मागे घेतले. 'लुक बॅक' त्या आगीच्या दुसऱ्या स्मृतिदिनाच्या दुसऱ्या दिवशी प्रसिद्ध झाले, म्हणून वाचकांनी दोहोंची सांगड घातली. कथेतील मारेकऱ्याच्या तोंडचे बोल मनोरुग्णांना सरसकट हिंसक ठरवतात, असा आक्षेप आला तेव्हा ते आधी बदलले गेले आणि पुस्तक निघताना पुन्हा एकदा बदलले गेले. या फेरफारांची कुचेष्टा झाली. आम्हांला मात्र त्यात लेखकाची अस्वस्थता दिसते. या माणसाच्या तोंडी काय घालावे हे कोणालाच ठाऊक नसते. आम्हांलाही नाही. मात्र एक गोष्ट आमच्या नजरेतून सुटली नाही. 'हे माझे आहे' असे म्हणत हत्यार उचलणारा आणि पाठ पुढे करून सही मागणारी मुलगी, दोघेही एकाच जगाच्या उंबरठ्यावर उभे होते. दोघांनाही कोणाच्या तरी चित्रात, कथेत आपला वाटा हवा होता.

अंत्यविधीनंतर फुजिनो त्याच बोळात येते आणि तिला ती जुनी पट्टी सापडते. मी हे काढले नसते तर ती बाहेर आली नसती. बाहेर आली नसती तर मेली नसती. हे वाक्य आमच्या फार ओळखीचे आहे. प्रेतयात्रेहून परतलेली आई म्हणते, मी त्याला त्या दिवशी दुकानात पाठवला नसता तर. नवरा म्हणतो, मी तिला गाडी शिकवली नसती तर. आम्ही तीस वर्षे या वाक्याला उत्तर देत आलो आहोत आणि एकाही घरातून समाधानाने परतलेलो नाही. 'तुमचा दोष नाही' म्हटले की माणूस मान डोलावतो आणि रात्री पुन्हा तेच म्हणतो.

फुजिमोतो यांनी काय केले, तर फुजिनोकडून ती पट्टी फाडवली. पहिली चौकट, 'बाहेर येऊ नकोस' असे म्हणणारी, दाराखालून भूतकाळात सरकते. त्या दुसऱ्या जगात लहानगी क्योमोतो ती वाचून खरेच बाहेर येत नाही. दोघींची भेट होत नाही. आणि तरीही क्योमोतो मोठी होऊन त्याच कलाविद्यालयात जाते, कारण एका पुस्तकातील निसर्गचित्रांनी तिला वेड लावलेले असते. मारेकरीही येतो. या वेळी मात्र कराटे शिकलेली एक अनोळखी मुलगी धावत येऊन त्याला लाथ मारते आणि क्योमोतो वाचते. ती अनोळखी मुलगी अर्थातच फुजिनो.

हे स्वप्नरंजन आहे, असे काही समीक्षकबंधू म्हणतील. आम्हांला तसे वाटत नाही. या दुसऱ्या जगात फुजिनोचा आरोप पुराव्यानिशी खोटा ठरतो: तुझ्यावाचूनही ती बाहेर आली असती. अपराधाच्या भावनेत 'सारे माझ्यामुळेच घडले' असा जो एक हट्टी मोठेपणा लपलेला असतो, तो येथे अलगद काढून घेतला जातो. आम्ही मयताच्या घरी हे कधी बोलू शकलो नाही. तोंडाने सांगितले तर ते क्रूर ठरेल; गोष्टीत घडलेले पाहिले तर सोसते.

मग ते जग विरते, कोणीही परत येत नाही, आणि फुजिनो प्रथमच दार उघडून खोलीत शिरते. आत तिच्याच पुस्तकांच्या प्रती आहेत, एकेका भागाच्या एकाहून अधिक. दाराच्या मागे तो अंगरखा टांगलेला आहे, सहीची बाजू आपल्याकडे करून. मैत्री तुटल्यावरही क्योमोतो चाहती राहिली होती. तिने पुढचा भाग मागितला होता, वाट पाहिली होती, विकत घेतला होता. ज्या अधीरपणाला आम्ही हसत होतो, तो या खोलीत कपाटभर मांडून ठेवला होता.

२०११च्या त्सुनामीनंतर तरुण फुजिमोतो स्वयंसेवक म्हणून इशिनोमाकीला गेले होते. तेथे वाटलेली हतबलता वर्षानुवर्षे मनात राहिली, असे त्यांनी पुढे लिहिले आहे. 'चित्र काढून काय उपयोग' हा फुजिनोचा प्रश्न त्यांचाही होता. कथेत त्याला शाब्दिक उत्तर नाही. क्योमोतो विचारते, मग तू का काढतेस? आणि उत्तरादाखल दिसतो तो चित्र वाचून खदखदून हसणारा क्योमोतोचा चेहरा.

चित्रपटाच्या अखेरीस फुजिनो आपल्या टेबलाशी परत येते, एक पट्टी समोरच्या काचेला चिकटवते आणि कामाला लागते. श्रेयनामावली सुरू होते. आमच्या तरुण मित्राने सवयीने पडद्याकडे बोट नेले. त्याला आम्हांला आणखी एक मालिका दाखवायची होती. आम्ही त्याचा हात धरला. कॅमेरा हलत नाही. तिची पाठ तेवढी दिसते, खिडकीबाहेरचा उजेड हळूहळू बदलत जातो, नावे वर सरकत राहतात, आणि ती काढीत राहते.