विशारद झाल्यावर पुढे काय?

विरारच्या एका क्लासचं स्नेहसंमेलन परवा ऐकलं. मुलं सुरात होती, तयारीही चोख. पण प्रत्येक गाण्यामागे वाजत होता तो मोबाइलमधला ट्रॅक. त्याच क्लासात शेजारच्या खोलीत तबल्याचा वर्ग भरतो, तरी गाणाऱ्याला आणि तबलजीला एकत्र बसवावं असं वर्षभरात कुणाला वाटलं नव्हतं. राग आला तो याचा.

वसई-विरारमध्ये आज क्लास उदंड आहेत. बहुतेकांचा अभ्यासक्रम म्हणजे प्रारंभिक ते विशारद या परीक्षा एवढाच, आणि दहावीचे वाढीव गुण मिळाले की निम्मी मुलं तंबोरा खाली ठेवतात. रिॲलिटी शोच्या शिबिरांवर शब्द खर्चू नयेत. ॲपवरच्या शिकवणीवरही नाहीत.

खरं शिक्षण पाहायचं तर इथल्याच गिरीज, नंदाखाल, भुईगावच्या पट्ट्यात ब्रास बँडची तालीम ऐकावी. तिथे शाळकरी पोरगं क्लॅरिनेट घेऊन बापाच्या वयाच्या वादकांत बसतं. स्टाफ नोटेशन वाचतं, आपली ओळ येईपर्यंत मनात मात्रा मोजतं, आणि चुकलं तर बँडमास्तर पट्टी वाजवून सगळ्यांना थांबवतो. थांबलेल्यांच्या नजरा त्याच्यावर असतात, म्हणून ते पुन्हा चुकत नाही. लग्नाचा सीझन आला की ऑर्डर कशी घ्यायची, बयाणा किती, वाटणी कशी, हेही त्याच बाकावर कळतं. गोव्याच्या चर्चशाळांनी असंच घडवलेले वादक पुढे हिंदी चित्रपटांच्या ऑर्केस्ट्रात मानाने बसले. त्यांतल्याच अँथनी गोन्साल्विसांकडे संगीतकार प्यारेलाल व्हायोलिन शिकले. आपल्याच पालघर जिल्ह्यात, जव्हारच्या वाळवंड्यात, भिकल्या लाडक्या धिंडा तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य नुसतं वाजवत नाहीत, भोपळा आणि बांबूपासून स्वतः घडवतात. वाद्य जुळवायलाही दुकान गाठणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना त्यांच्यापुढे बसवा.

यावर क्लासवाले म्हणतात, शास्त्रीय संगीत म्हणजे साधना, त्यात बाजार नको. हे म्हणणाऱ्यांनी विष्णु दिगंबर पलुस्करांचं चरित्र नीट वाचावं. ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडलं ते कुणा संस्थानिकाच्या दरबारात नव्हे. पंडितजींनी तिकीट लावून जलसे केले, पुस्तकं छापली, वाद्यांचा कारखाना चालवला, गावोगाव शिकवू शकतील असे उपदेशक तयार केले. त्यांच्या विद्यालयाची मुंबईतली वास्तू पुढे कर्जापायी गेली. आपण त्यांच्या विद्यालयाच्या नावाने परीक्षा घेतो आणि त्यांची हिंमत मात्र अभ्यासक्रमाबाहेर ठेवतो!

विशारदच्या मुलाला तानांचे प्रकार सांगता येतात, पण ध्वनिव्यवस्थेवाल्याला मॉनिटरमध्ये काय हवं ते सांगता येत नाही. मानधनाचा करार त्याने पाहिलेला नसतो. २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीचा वाटा मिळवून दिला, हे त्याच्या गुरूलाही ठाऊक नसतं. मग घरात शिकवण्या सुरू करणं हा एकच धंदा उरतो, आणि तो पुन्हा परीक्षार्थीच तयार करतो. मध्यमा पूर्णपासून साथसंगत सक्तीची करा. विशारदला बसणाऱ्याने स्वतः योजलेली, स्वतः तिकिटं विकलेली एक मैफल परीक्षकांसमोर करून दाखवावी. वसईतल्या दिवाणमानच्या एखाद्या सोसायटीच्या हॉलमध्ये चाळीस श्रोते पैसे देऊन बसले, तर त्या मुलाचे गुण मोजायला दुसरी फूटपट्टी कशाला हवी?