पाठीवरचे दिवे

माठ, नारळ आणि कलिंगड या तीन वस्तू वाजवून घ्याव्यात, ही आमच्या घराण्याची शिकवण. चौथी वस्तू लॅपटॉप. ही भर माझी. भाच्याच्या खेळायच्या लॅपटॉपवर मी बोटाने ठणठण केलं, तेव्हा भाचा मटकन खाली बसला. लॅपटॉपला काही झालं नाही.

यंत्राचं नाव झेफिरस जी-१४. तैवानच्या आसूस कंपनीने २०२० च्या जानेवारीत लास व्हेगासला ते मांडलं. झेफिरस हा ग्रीकांचा पश्चिमवाऱ्याचा देव. आत पंखे आहेत, तेव्हा नाव अगदीच हवेत नाही. त्याआधी खेळायचा लॅपटॉप म्हणजे जवळजवळ ट्रंकच. हमाल तेवढा वेगळा घ्यायचा. हा मात्र चौदा इंची पडद्याचा आणि पावणेदोन किलोंच्या आत. झाकण ऍल्युमिनियमचं, बाकी देहात मॅग्नेशियमचा मिश्रधातू. झाकण उघडलं की त्याचीच कड खाली टेकते, बूड मागून उचललं जातं आणि पोटाखालून हवा खेळते. आपण कपाटाखाली विटेचा तुकडा सारतो ना, तसंच. इथे वीट बिजागरीतच बसवली आहे. हे ज्याला सुचलं, त्याला मी घरी जेवायला बोलावीन.

चालू करायच्या बटणातच बोटाचा ठसा ओळखायची सोय आहे. आमच्या आजोबांनी सही शिकून अंगठा सोडवला, नातवंडांनी पैसे मोजून तो परत आणला. असो.

पांढऱ्या रंगाच्या यंत्रात कळा फिक्या राखाडी आणि त्यांच्याखालचा उजेडही पांढरा. त्यामुळे दिवा लावला की अक्षरं दिसेनाशी होतात. अंधारात दिसावं म्हणून दिवा लावतात, असा माझा आजवर समज होता.

आता भोकं. म्हणजे वायरी खुपसायची. डावीकडे वीज, टीव्हीची एचडीएमआय, एक सी जातीचं यूएसबी आणि कानात घालायच्या वायरीचं. उजवीकडे आणखी एक सी आणि जुनी, चपटी, ए जातीची दोन. दोन्ही सी जुळ्या भावांसारखी, पण गुण निराळे. डावं बाहेरच्या पडद्याला चित्र देतं, शिवाय ६५ वॉटपर्यंत वीजही पितं. उजवं यातलं काही करत नाही. ते नुसती माहितीची ने-आण करतं. भुकेल्या यंत्राला चुकून उजव्या तोंडाने भरवत बसलात, तर ते रात्रभर उपाशी राहील. आणि डाव्या तोंडाचे ६५ वॉटही नुसत्या पेजेसारखे. खेळाचं पूर्ण जेवण हवं, तर सोबतचा १८० वॉटचा अडॅप्टर पाठीला मारूनच हिंडायचं. इंटरनेटच्या जाड वायरीला जागा नाही, कॅमेऱ्यातल्या कार्डालाही नाही. पाठीमागे एकही भोक नाही, सगळ्या वायरी कुशीतून. उजव्या हाताने माऊस फिरवणाऱ्याला आपल्याच वायरीशी कुस्ती खेळावी लागते.

पण हेही मी सोसलं असतं. माझं भांडण झाकणाशी आहे. वरच्या प्रतीच्या या झाकणाला ६,५३६ भोकं पाडली आहेत आणि आत १,२१५ बारीक दिवे आहेत. त्यांतून चित्रं हलतात, अक्षरं सरकतात. हा सगळा दीपोत्सव यंत्राच्या पाठीवर, म्हणजे पैसे मोजणारा सोडून बाकी सर्वांसाठी. आणि ज्याने पैसे मोजले, त्याच्या तोंडासमोर कॅमेराच नाही! एकही नाही. तेही २०२० साली, जेव्हा शाळा, कचेऱ्या आणि साखरपुडेसुद्धा पडद्यावर उरकत होते. वेगळा कॅमेरा आणून जोडा म्हणावं, तर दोन चपट्या भोकांपैकी एक त्याने अडवलं, दुसरं माऊसने. पेनड्राइव्ह चाळीतल्या भाडेकरूसारखा बादली घेऊन बाहेर उभा. १,२१५ दिव्यांपैकी एक कमी करून तिथे एक डोळा बसवता आला नसता का? २०२२ च्या आवृत्तीत तो बसवला, म्हणजे जागा होती.

"मामा, अरे, खेळताना तोंड कुणाला दाखवायचंय?" भाचा म्हणाला. खेळाच्या बाबतीत खरं आहे. पण याच लॅपटॉपवर तो अभ्यास, नोकरीच्या मुलाखती आणि आईशी बोलणं, सगळं करणार होता.

त्या दिव्यांतून घड्याळही दाखवता येतं. भाच्याने मोठ्या हौसेने ते लावलं. तो टेबलाच्या अलीकडे खेळत बसतो, पलीकडे त्याची आई शेंगा सोलते, आणि रात्रीचे पावणेदोन वाजल्याचं तिला ठसठशीत अक्षरांत लॅपटॉपच सांगतो.